वर विस्तव, खाली विस्तव

दिवाळीच्या आधीचा आठवडा, दुपारचे अडीच. सांगलीत खणभागातल्या एका जुन्या बेकरीच्या मागच्या दाराशी बायकांची रांग होती. कुणाच्या हातात स्टीलचा डबा, कुणाच्या हातात ओल्या फडक्यानं झाकलेली परात. घरी मळलेलं नानकटाईचं पीठ भट्टीवर आणायचं, तिथेच बसून गोळे वळायचे आणि भाजून न्यायचे, ही रीत अजून पुरती मोडलेली नाही. भट्टीवरच्या मामांनी एक डबा उघडला, पिठात बोट खुपसलं, बोटाला लागलेलं तूप अंगठ्यानं चोळून पाहिलं आणि झाकण परत लावलं. "वैनी, हे आत गेलं की पसरतंय. तासभर गार फरशीवर ठेवा, मग आणा." वैनींचा चेहरा पडला. "अहो मामा, वहीत लिहिलंय तसंच घातलंय की सगळं." मामा पुढचा डबा उघडत म्हणाले, "वहीतलं बरोबरच आसंल. तूप पातळ झालंय."

एवढंच. पण ते 'वहीतलं बरोबरच आसंल' मनात टोचत राहिलं. वैनींच्या वहीत चूक नव्हती, मामांच्या बोटातही नव्हती. मग पीठ परत का गेलं?

आपल्याकडच्या घरगुती वह्या डोळ्यांसमोर आणाव्यात. तेलाचे डाग पडलेली पानं, मागच्या बाजूला वाण्याचा हिशोब, मध्येच कुणाच्या तरी बारशाची यादी. पदार्थाचं नाव, त्याखाली साहित्य आणि शेवटी एक ओळ: 'सर्व एकत्र करून मंद आचेवर भाजणे.' साहित्याला आठ ओळी आणि आचेला दोन शब्द. पोळी-भाजीला हे चालून जातं, कारण तवा डोळ्यांसमोर असतो, हात मध्ये घालता येतो, मीठ कमी पडलं तर वरून घालता येतं. बंद आचेत भाजायच्या पदार्थाचं तसं नसतं. झाकण लागलं की आत जे होईल ते होईल. लिहायला हवी होती ती आचच, आणि नेमकी तीच वहीतून गळलेली आहे. ज्यांनी वह्या लिहिल्या त्यांना ती हातानं ठाऊक होती, म्हणून लिहायची गरज वाटली नाही.

नानकटाईपासूनच सुरुवात करू. २०० मिलिलिटरच्या वाटीनं दोन वाट्या मैदा, एक वाटी पिठीसाखर, पाऊण वाटी तूप, दोन मोठे चमचे बेसन, दोन मोठे चमचे बारीक रवा, पाव छोटा चमचा खायचा सोडा, चिमूटभर मीठ आणि वेलदोडा. बेसन वासासाठी आणि रंगासाठी, रवा दाताखाली येण्यासाठी. आता वाटीची गोम पाहा. या वाटीत मैदा साधारण १०५ ग्रॅम बसतो, तूप १८० ग्रॅम आणि बारीक रवा १४० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे 'समान वाटी' हे समान वजन कधीच नसतं. त्यात तूप थिजलेलं असताना चमच्यानं वाटीत भरलं तर मध्ये पोकळ्या राहतात आणि दीडशे ग्रॅमच बसतं. वितळवून ओतलं तर पूर्ण १८०. जुन्या वह्यांत सर्रास 'एक वाटी तूप' लिहिलेलं असतं. ते थिजलेल्या, रवाळ तुपाचं माप आहे. कुणी घाईत तूप कोमट करून तेच माप घेतलं की तिसेक ग्रॅम तूप जास्त पडतं आणि नानकटाई भट्टीत गेल्या गेल्या पापडासारखी सपाट होते. शंका असेल तर काट्यावर घ्यावं: २१० ग्रॅम मैद्याला १३५ ग्रॅम तूप पुरे होतं.

तूप फेसायला मिक्सर लागत नाही. परातीत तूप आणि पिठीसाखर घेऊन तळव्यानं दहा-बारा मिनिटं एकाच दिशेनं फिरवत राहायचं. पिवळं तूप पांढुरकं होतं, हलकं होतं, तळव्याला त्याचा चिकटपणा जाणवेनासा होतो. यात हवा शिरते आणि भाजताना हीच हवा नानकटाईला खुसखुशीत करते, सोडा फक्त मदतीला असतो. सोडा वाढवला की खुसखुशीतपणा वाढतो हा समज फार पसरलाय. प्रत्यक्षात वाढतो तो साबणासारखा वास आणि तपकिरी रंग. मैदा घातल्यावर मात्र मळायचं नाही. मळलं की चिवटपणा येतो, आणि नानकटाई चावावी लागली तर तिला बिस्कीट म्हणावं. बोटांनी गोळा जमेल इतपतच सांधायचं, वीस मिनिटं झाकून गार जागी ठेवायचं आणि कंदी पेढ्याएवढे गोळे वळून हलकेच दाबायचे. गोळ्यांत दोन बोटांचं अंतर हवं.

वैनींच्या डब्यात काय झालं असावं ते इथे कळतं. तूप तळहाताच्या उबेलाच पातळ व्हायला लागतं. दिवाळीच्या दिवसांत सांगलीत पहाटे गारवा असतो पण दुपारी पत्र्याच्या छपराखाली चांगलंच तापतं. सकाळी मळलेलं पीठ डब्यात बंद करून उन्हातून आणलं की आतलं तूप सुटतं. असं पीठ आचेवर गेलं की मैदा आवळून यायच्या आधीच तूप वाहतं आणि गोळा पसरतो. थंड पिठात उलट घडतं. वरचा थर आधी सुकून आवळतो, आतलं फुगतं, आणि जागा न मिळाल्यानं वरच्या थराला तडे जातात. नानकटाईवरच्या ज्या तड्यांचं आपण कौतुक करतो ते असे येतात. म्हणून मे महिन्यात मळायची असेल तर वळलेले गोळे अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून मगच भाजावेत. डालड्यात ही भानगड कमी, कारण तो तुपापेक्षा उशिरा वितळतो; जुन्या बेकऱ्यांतली नानकटाई इतकी उभी दिसायची ती त्यामुळे. चवीत मात्र टाळूला मेणचट थर बसतो. आमचं मत तुपाच्या बाजूनं, जरा बसकी झाली तरी चालेल.

आणि भट्टी. लाकडावरची विटांची भट्टी ही घरच्या कुठल्याही यंत्रापेक्षा वेगळी चीज आहे. आत जाळ करायचा, विटा तापवायच्या, निखारे बाजूला सारायचे आणि मग त्या साठलेल्या उष्णतेवर दिवसभर काम काढायचं. सगळ्यात कडक आचेला पाव. आच उतरत गेली की खारी, बटर, बिस्किटं. अगदी शेवटी टोस्ट, कारण त्यांना भाजायचं कमी आणि वाळवायचं जास्त असतं. घरगुती डब्यांना दुपारची वेळ देतात त्यामागे हेच गणित. नानकटाईला १६० ते १६५ अंशांची, हळूहळू उतरत जाणारी आच लागते, आणि पाव काढून झाल्यावर भट्टी आपोआप तिथे येते. तापमापक नसतो. चिमूटभर मैदा फरशीवर टाकायचा आणि तो किती वेळात तांबूस होतो ते पाहायचं. लगेच करपला तर थांबायचं. शिवाय विटांचं छत वरूनही उष्णता फेकतं, त्यामुळे वरची आणि खालची बाजू एकदमच शिजते.

वरूनही. घरात नेमकी हीच बाजू हरवली.

शेगडीच्या काळात वरची आच होती. जाड बुडाचं पातेलं निखाऱ्यांवर, त्यावर ताट, ताटावर आणखी निखारे. खाली कमी, वर जास्त, हा नियम; कारण खालची धग भांड्याला थेट भिडते आणि वरच्या निखाऱ्यांची ताटातून आणि मधल्या हवेतून उतरता उतरता निम्मी होते. गॅस आला, स्वयंपाकघर स्वच्छ झालं, धूर गेला, डोळ्यांचं पाणी गेलं. त्यासोबत ताटावरचे निखारेही गेले. तेव्हापासून घरचा केक खालून तांबूस आणि वरून पांढराफटक व्हायला लागला, आणि त्याचा दोष आपण रव्याला देत आलो.

कुकरमधला रव्याचा केक हा या अडचणीवर काढलेला तोडगा आहे, आणि बऱ्यापैकी हुशार तोडगा आहे. दोन वाट्या बारीक रवा, सव्वा वाटी साखर, एक वाटी ताजं दही, एक वाटी दूध, अर्धी वाटी वितळलेलं तूप, वेलदोडा, चिमूटभर मीठ. हे सगळं कालवून किमान चाळीस मिनिटं झाकून ठेवायचं. बारीक रवा एवढ्यात फुगतो. जाड रवा असेल तर तास-दीड तास लागतो, नाहीतर केकमध्ये कणी राहते. फुगल्यावर पीठ घट्ट झालेलं असतं, तेव्हा पाव वाटी दूध घालून पळीतून सावकाश, सलग पडेल इतकं सैल करायचं. एक छोटा चमचा बेकिंग पावडर आणि पाव छोटा चमचा सोडा सगळ्यात शेवटी. दह्याचा आंबटपणा भेटला की सोड्याचे बुडबुडे लगेच सुटायला लागतात, म्हणून कुकर आधी तापलेला हवा आणि डबा तूप लावून, मैदा भुरभुरवून तयार हवा. सोडा घालून झाल्यावर डबा शोधणाऱ्यांचा केक बसतो.

कुकर पाच लिटरचा, जुना. नवा वापरू नये, कारण पाण्याशिवाय तापवल्यानं बूड वाकडं होण्याची भीती असते. शिट्टी काढायची, झाकणाचं रबर काढायचं. या दोन्ही गोष्टी विसरल्या तर तो प्रकार धोक्याचा आहे. तळाशी बोटभर जाडीचा जाड्या मिठाचा थर, त्यावर जाळी. मीठ नसेल तर धुऊन वाळवलेली नदीची वाळू. हा थर ज्योतीची धग एका जागी न राहू देता सगळीकडे पसरवतो. हे मीठ पुढच्या वेळेला परत वापरता येतं, भाजीत मात्र घालू नये. मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवून मग डबा आत ठेवायचा. डबा सात इंची असावा आणि कुकरच्या भिंतीला टेकू नये; एका बाजूला टेकला की त्या बाजूनं करपतो. मग आच अगदी बारीक आणि पंचेचाळीस ते पन्नास मिनिटं. पहिल्या तीस मिनिटांत झाकण उघडायचं नाही. बुडबुड्यांभोवतीचं पीठ अजून घट्ट झालेलं नसतं, गार हवा लागली की मधोमध खड्डा पडतो. विणायची सुई खुपसून कोरडी निघाली की बंद.

आता वरचा पांढरेपणा. झाकणाखाली वाफ कोंडते, आणि ओल्या हवेत रंग येत नाही. उपाय साधे आहेत. झाकणाच्या आतून साठलेलं पाणी तीस मिनिटांनंतर एकदा पटकन पुसून घ्यावं. किंवा शेवटची सात-आठ मिनिटं कुकरचं झाकण काढून त्यावर दुसऱ्या शेगडीवर कडक तापवलेला लोखंडी तवा पालथा ठेवावा. हा तवा म्हणजे ताटावरचे निखारेच. भट्टीसारखा रंग येत नाही, पण फिकट बदामी नक्की येतो. तवा उचलताना सांडशी मजबूत हवी.

अंडं न घालणाऱ्या घरांत रंगासाठी चिमूटभर हळद घालतात, आणि सांगलीत हळद हात आखडून घालायची सवय कुणालाच नाही. २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालेली ही इथली हळद केकमध्ये एक गंमत करते. क्षार लागला की हळद लाल होते. हळद-चुन्याचं कुंकू होतं ते याच गुणामुळे. सोडाही क्षारच. त्यामुळे केक कापल्यावर पिवळ्यात तांबडे ठिपके दिसले तर तिथे सोड्याची गुठळी राहिली, नीट चाळला गेला नाही, हे समजावं. सगळाच केक तांबूस-तपकिरी निघाला तर सोडा जास्त झाला किंवा दही पुरेसं आंबट नव्हतं. एखाद्या प्रयोगशाळेत तपासावं तसं हे उत्तर ताटलीतच मिळतं, आणि फुकट मिळतं. पुढच्या वेळी सोडा दोन चिमटींनी कमी करावा, हळद नव्हे.

मधल्या काळात गोल अ‍ॅल्युमिनियमचे ओव्हन आले होते, झाकणाला काचेची खिडकी असलेले. वायर जोडली की चालू, काढली की बंद, बाकी काटा वगैरे काही नाही. बऱ्याच माळ्यांवर अजून असतील. केक कडेनं रंगायला लागला की वायर काढायची आणि दहा मिनिटं तसाच राहू द्यायचा, एवढं जमलं तर ते अजूनही उत्तम काम देतात. भट्टीचीच युक्ती ती, उतरत्या आचेची.

ओटीजीनं, म्हणजे वर-खाली सळ्या असलेल्या विजेच्या छोट्या ओव्हननं, वरची आच परत आणली, वरच्या सळीच्या रूपानं. पण तिच्यावरचा आकडा खरा असेलच असं नाही. घरगुती ओव्हनमध्ये वीस-पंचवीस अंशांचा फरक सहज पडतो, आणि मग 'रेसिपी बरोबर होती, तरी करपलं' ही तक्रार सुरू होते. ओव्हनचा तापमापक विकत मिळतो. नसेल तर साखर आहे. साखर १८६ अंशांच्या आसपास वितळते. छोट्या वाटीत चमचाभर साखर घालून ओव्हन १७५ वर ठेवावा. पंधरा मिनिटांनी साखर पाणी झाली असेल तर ओव्हन आकड्यापेक्षा कडक आहे. मग ताजी साखर घेऊन १९० वर. तरीही ती कोरडीच राहिली तर ओव्हन थंड आहे. ऊस कारखान्यांच्या जिल्ह्यात यापेक्षा स्वस्त उपकरण मिळायचं नाही. केकला दोन्ही सळ्या, डबा मधल्या कप्प्याच्या जरा खाली. नानकटाईला आधी दोन्ही, आणि शेवटची तीन मिनिटं वरची बंद, म्हणजे वरून फिकट राहते आणि बूड बदामी होतं. ओव्हनमधून काढल्या काढल्या ती मऊ लागेल; कच्ची समजून परत आत सरकवू नये. दहा मिनिटं हात लावायचा नाही, गार होताना ती कडक होते.

उंचीचंही थोडं पाहावं लागतं. साताऱ्याहून महाबळेश्वरला सुट्टीत गेलेल्या लोकांचा हातखंडा केक तिथे फुगून बसतो आणि ते तिथल्या दुधाला नावं ठेवतात. साडेतेराशे मीटरवर हवेचा दाब कमी, पाणी पंचाण्णव-शहाण्णव अंशांनाच उकळतं, बुडबुडे लवकर आणि मोठे होतात, पीठ आवळायच्या आत फुटतात. बेकिंग पावडर पाव हिश्श्यानं कमी करायची आणि दूध दोन चमचे जास्त घालायचं. पावसाळ्यात तिथे नानकटाईच्या वाट्याला जाऊच नये, डब्याचं झाकण उघडलं की ती भाकरीसारखी मऊ पडते.

खपली गहू आणि गूळ यांचा केक मात्र सांगली-सातारा या दोन्ही जिल्ह्यांनी आपला म्हणावा असा आहे. खपली इथली, गूळ सांगली-कोल्हापूरचा. खपलीचं पीठ २०० ग्रॅम, किसलेला गूळ १५० ग्रॅम, दही १५० ग्रॅम, तूप ८० ग्रॅम, शंभर मिलिलिटर पाणी, अर्धा छोटा चमचा सोडा, जायफळ, किंचित मीठ. गूळ पाण्यात कोमट करून विरघळवायचा आणि गाळून घ्यायचा, कारण चांगल्या गुळातही चोथा आणि एखादा खडा असतोच. पूर्ण गार झाल्यावरच दह्यात मिसळायचा. इथे दूध वापरत नाहीत; गरम गुळाच्या पाण्यात दूध नासतं. खपलीत साध्या गव्हासारखा ताण नसतो, आणि ती पाणी सावकाश पिते, म्हणून पीठ वीस-पंचवीस मिनिटं भिजू द्यायचं आणि मग सोडा घालायचा. गुळामुळे रंग लवकर चढतो. १७५ वर ठेवला तर वरून काळा आणि आत ओला राहील. १६० वर पन्नास मिनिटं द्यावी, आणि पस्तीस मिनिटांनी वरून काळपट वाटला तर अ‍ॅल्युमिनियमची फॉइल सैल झाकावी.

त्यात तासगावचे बेदाणे. बाजारात हिरवे, पिवळे, काळे असे दिसतात. या केकला काळे बरे, गुळाशी त्यांचं जमतं. हिरवे-पिवळे करताना द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून मग शेडमध्ये जाळ्यांवर सुकवतात, म्हणून कुठलेही बेदाणे आधी कोमट पाण्यात धुऊनच घ्यावेत. दहा मिनिटं भिजवले तर ते फुगतात आणि केकमधला ओलावा ओढत नाहीत. कोरडे पुसून चमचाभर पिठात घोळवायचे. पिठात घोळवले की बुडत नाहीत असं सगळे सांगतात, ते अर्धंच खरं आहे. पीठ सैल असेल तर घोळवलेलेही बुडतात. निम्मे पिठात मिसळावेत आणि उरलेले बारा-पंधरा मिनिटांनी, वरचा थर जरा आवळल्यावर, हलक्या हातानं पेरावेत. पटकन, ओव्हनचं दार अर्ध्या मिनिटात बंद. हे ओव्हनमध्येच जमतं. तिथे आच वरूनही येते म्हणून वरचा थर लवकर धरतो. कुकरमध्ये हा खेळ करू नये, तिथे सगळे बेदाणे आधीच घालावेत आणि बुडालेले खावेत.

हा केक त्याच दिवशी कापायचा नसतो. गूळ हवेतलं पाणी धरून ठेवतो, रात्रभरात खपलीचं पीठ ते ओढून घेतं आणि दुसऱ्या दिवशी सुरी सरळ जाते. गरम असतानाच कापला तर भुगा होतो, आणि मग घरचे तो वाटीत घेऊन वरून गार दूध ओतून चमच्यानं खातात. तसाही वाईट लागत नाही.